टोपणनाव की खोटी सही?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तुमच्या खिशातल्या मोबाइलला एकाहून अधिक क्रमांक असतात. एक तुम्ही लोकांना देता तो, दहा आकडी. दुसरा आयएमईआय, फोन चोरीला गेला की पोलीस ठाण्यात विचारतात तो. तिसरा मात्र सहसा कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. त्याचं नाव मॅक ॲड्रेस. मॅक म्हणजे ‘मीडिया ॲक्सेस कंट्रोल’. ॲपल कंपनीच्या मॅक संगणकाशी त्याचा काही संबंध नाही. संगणकाच्या नेटवर्क कार्डाला, फोनमधल्या वायफायच्या चिपला कारखान्यातच हा क्रमांक मिळतो. तो बारा अंक-अक्षरांचा असतो आणि, निदान पाठ्यपुस्तकांत तरी, जगात एकमेव असतो.

हा क्रमांक बदलता येतो. त्यासाठी संगणक उघडावा लागत नाही, स्क्रूड्रायव्हर लागत नाही. एक-दोन ओळींची आज्ञा दिली की काम होतं. संगणक शिकवताना मी हे करून दाखवलं की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, ‘सर, हे म्हणजे गाडीची नंबरप्लेट बदलण्यासारखंच झालं की!’ शंका रास्त आहे. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, पण ते नुसतं सांगून पटत नाही. ही पाटी मुळात कुणी लावली आणि कशासाठी लावली, ते आधी पाहावं लागतं.

कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो या गावी झेरॉक्स कंपनीचं एक संशोधन केंद्र होतं. तिथल्या बॉब मेटकाफ या तरुण अभियंत्यानं २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिलं. एका इमारतीतले बरेच संगणक एकाच तारेवर जोडून एकमेकांशी बोलते कसे करायचे, याची ती योजना होती. तिलाच पुढं इथरनेट म्हणू लागले. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर मेटकाफनं ती प्रत्यक्षात आणली. कल्पना आपल्या चाळीसारखी आहे. चाळीच्या गॅलरीत कुणी ‘जोशीकाकू, पोस्टमन आलाय!’ अशी हाक दिली की बारा बिऱ्हाडांना ऐकू जाते, दार मात्र एकच उघडतं. इथरनेटवरही एका यंत्रानं सांगितलेलं सगळ्यांच्या कानी पडतं आणि ज्याच्यासाठी आहे तेवढंच यंत्र ते उचलून घेतं. यंत्राचा पत्ता म्हणजे हे हाक मारायचं नाव. आलेली हाक आपल्याला आहे की शेजाऱ्याला, एवढंच त्यावरून यंत्रानं ओळखायचं.

त्या पहिल्या इथरनेटमध्ये पत्ता आठ बिटांचा होता, म्हणजे सगळे मिळून २५६ क्रमांक. आणि तो कसा ठरवत? संगणकाच्या आत, मागच्या फळीवर, हातानं तारा जोडून. दोन यंत्रांना चुकून एकच क्रमांक पडला तर दोघंही एकाच हाकेला ओ देणार. मग एकाची तार काढून दुसरीकडं लावायची. पत्ता बदलणं हे त्या काळी दुरुस्तीचं काम होतं. त्यात नीती-अनीतीचा प्रश्न कुणाला दिसला नसता.

हा कारभार एका संस्थेपुरता ठीक होता. १९८० साली डिजिटल इक्विपमेंट, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून इथरनेटचं मानक प्रसिद्ध केलं, त्यात पत्ता एकदम ४८ बिटांचा झाला. म्हणजे २८१ लाख कोटींहून अधिक क्रमांक! इतके कशाला हवेत? याचं उत्तर देणारा एक निबंध १९८१ साली योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी लिहिला. हे दलाल आपल्या पवईच्या आयआयटीचे, १९७२ सालचे पदवीधर. पुढं स्टॅनफर्डला विंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर टीसीपीचा १९७४ सालचा आराखडा लिहिणाऱ्या तिघांपैकी ते एक. इंटरनेटच्या इतिहासात आपल्याकडची माणसं शोधायची हौस असणाऱ्यांच्या यादीत हे नाव क्वचितच असतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दलाल आणि प्रिंटिस यांचा युक्तिवाद सरळ होता. प्रत्येक कार्यालयानं आपापले क्रमांक वाटायचे म्हटलं तर वही घेऊन बसणारा एक माणूस लागणार, आणि यंत्र या इमारतीतून त्या इमारतीत नेलं की क्रमांक बदलावा लागणार. त्यापेक्षा प्रत्येक यंत्राला जन्मतःच असा क्रमांक द्या, की जगात दुसऱ्या कुणाला तो नसेल. मग ते कुठंही नेऊन जोडा, टक्कर होणार नाही. या क्रमांकांचे गठ्ठे आधी झेरॉक्स वाटत असे, नंतर ते काम आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेकडं गेलं. पहिले चोवीस बिट कंपनीची खूण, उरलेले चोवीस कंपनीनं आपल्या कार्डांवर एकेक करून घालायचे. एका गठ्ठ्यात सुमारे १ कोटी ६८ लाख कार्डांची सोय होते.

टक्कर टाळणं, हा सगळा खटाटोप त्यासाठी होता. यंत्राचा मालक कोण, ते कुठल्या गावी आहे, त्यावर कोण बसलंय, यातलं काहीच त्या क्रमांकात नाही. शिवाय तो फार लांब जातही नाही. पहिल्या राउटरपाशी त्याचा प्रवास संपतो. तुम्ही एखादं संकेतस्थळ उघडलं तर त्याला तुमचा आयपी पत्ता दिसतो, मॅक पत्ता दिसत नाही. गॅलरीतली हाक गॅलरीतच विरते.

आता गंमत पाहा. ज्यांनी हा क्रमांक एकमेव केला, त्यांनी तो बदलायची सोयही ठेवली. आयईईईच्या नियमात पहिल्या आठ बिटांमधला एक बिट खास यासाठी आहे. तो शून्य असेल तर पत्ता कारखान्यातला, एक असेल तर स्थानिक माणसानं ठरवलेला. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये वायफायचा पत्ता पाहा. त्यातलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातला नाही, फोननं स्वतः धारण केलेला आहे. ही पळवाट नव्हे. नियमात लिहिलेली रीत आहे.

आणि ती वापरली कुणी? तीन संस्थापक कंपन्यांपैकी एकीनं, डिजिटलनंच! तिच्या डेकनेट या प्रणालीची चौथी आवृत्ती १९८०च्या दशकात आली. ती सुरू झाली की कार्डावरचा मूळ पत्ता बाजूला सारून एए-००-०४-०० असा सुरू होणारा नवा पत्ता बसवत असे, म्हणजे यंत्राच्या डेकनेटमधल्या क्रमांकावरून कार्डाचा पत्ता थेट काढता यायचा. आयबीएमच्या टोकन रिंगवर काम केलेल्यांनाही ४००० असे सुरू होणारे, कार्यालयानं स्वतः ठरवलेले पत्ते आठवत असतील. सन कंपनीच्या संगणकांची कथा तर आणखी मजेदार आहे. त्यांचा पत्ता एका चिपमध्ये असे आणि ती चिप आतल्या छोट्या बॅटरीवर जगे. काही वर्षांनी बॅटरी संपली की यंत्र आपलं नावच विसरे. मग व्यवस्थापकानं कळफलकावरून पत्ता पुन्हा भरायचा. जुना कुठं लिहून ठेवलेला नसला तर नवा रचायचा. पत्त्यात शून्य ते नऊ अंक आणि ए ते एफ ही अक्षरं चालतात, त्यामुळं सी-शून्य-एफ-एफ-ई-ई, म्हणजे ‘कॉफी’, हा शेवट लोकप्रिय होता. जगातल्या बऱ्याच यंत्रांचं आडनाव काही काळ ‘कॉफी’ होतं.

मग या हाक मारायच्या नावाचं ओळखपत्र कधी झालं? एका दिवसात झालं नाही आणि कुणी ठराव करूनही केलं नाही. हाताशी एक एकमेव क्रमांक आयता पडलेला आहे म्हटल्यावर ज्याला त्याला तो वापरायचा मोह झाला. महागड्या सॉफ्टवेअरचे परवाने मॅक पत्त्याशी बांधले जाऊ लागले. पैसे भरून घेतलेला परवाना, पण कार्ड जळालं की सॉफ्टवेअर बंद. अशा वेळी नव्या कार्डाला जुन्याचा पत्ता देऊन काम पुढं रेटणारे अभियंते मी पाहिले आहेत आणि त्यांना चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याच मार्गानं एक परवाना चार यंत्रांवर चालवणारेही पाहिले आहेत. त्यांना काय म्हणायचं ते आपण जाणताच.

मुंबई-पुण्यात केबलवाल्यांकडून इंटरनेट घ्यायला लागलो त्या काळात, म्हणजे या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत, आपल्यापैकी अनेकांची या क्रमांकाशी पहिली गाठ पडली. माझ्याकडं जोडणी देणाऱ्यानं घरातल्या संगणकाचा मॅक पत्ता वहीत लिहून घेतला होता. संगणक बदलला की फोन करा, ‘मॅक अपडेट करून घ्या’ म्हणा, आणि मग तो साहेबांच्या सवडीनं होणार. रविवारी तर नाव काढू नका. त्या सुमारास घरगुती राउटर आले आणि त्यांच्या पडद्यावर एक बटण होतं, ‘क्लोन मॅक ॲड्रेस’. ते दाबलं की राउटर संगणकाचा पत्ता घेऊन बाहेर मिरवायचा आणि केबलवाल्याला काही कळायचं नाही. पत्ता बदलायची सोय अशी चक्क खोक्यातून घरोघर आली. यात फसवणूक होती का? माझ्या मते, पैसे एका जोडणीचे भरले आणि जोडणी एकच वापरली, तर नव्हती. करारात ‘एकच संगणक’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर होती. निकाल करारावर लागतो, क्रमांकावर नाही.

पण ओळखपत्राचा खरा धक्का १९९९च्या मार्चमध्ये बसला. रिचर्ड स्मिथ या अमेरिकी प्रोग्रामरनं दाखवून दिलं, की मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७मध्ये तयार केलेल्या फायलींत एक लांबलचक क्रमांक गुपचूप जातो आणि त्याच्या पोटात संगणकाचा मॅक पत्ता असतो. म्हणजे गॅलरीतली हाक आता पाकिटात घालून गावोगाव जात होती. निनावी पत्र टाइप करणाऱ्याला माहीतही नव्हतं, की कागदाच्या कोपऱ्यात आपल्या यंत्राचा शिक्का उमटतोय. मायक्रोसॉफ्टला हे बंद करू असं जाहीर करावं लागलं. त्याच महिन्याच्या २६ तारखेला मेलिसा व्हायरस जगभर पसरला, तोही वर्डच्या फाइलमधून. त्या फाइलीतल्या क्रमांकाचा माग काढत अभ्यासक व्हायरस लिहिणाऱ्या एका टोपणनावापर्यंत पोहोचले. डेव्हिड स्मिथ याला १ एप्रिलला न्यू जर्सीत अटक झाली ती मात्र मुख्यतः अमेरिका ऑनलाइन या कंपनीनं दिलेल्या नोंदींवरून. (दोन्ही स्मिथ वेगळे बरं का, एक शोधणारा आणि एक पकडला गेलेला.) सरकारी यंत्रणांना आणि कंपन्यांना तेव्हापासून या क्रमांकाची चटक लागली असं म्हणायला हरकत नाही.

आता त्या प्रकरणाकडं येतो, ज्यात पत्ता बदलणं आरोपपत्रात गेलं.

एरन स्वार्ट्झ हा अमेरिकेतला विलक्षण बुद्धीचा तरुण. ज्ञान सर्वांना खुलं असावं हा त्याचा ध्यास. सप्टेंबर २०१०मध्ये त्यानं बोस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेच्या नेटवर्कला आपला लॅपटॉप जोडला. तिथं पाहुण्यांना नाव-पत्ता भरून काही दिवस जोडणी मिळे, आणि जेस्टोर या शोधनिबंधांच्या संग्रहाला आवारातून कुणालाही प्रवेश असे. स्वार्ट्झनं ‘गॅरी होस्ट’ हे नाव भरलं (जी आणि होस्ट जोडून वाचा, ‘घोस्ट’ म्हणजे भूत होतं) आणि एका छोट्या प्रोग्रामनं निबंध भराभरा उतरवायला सुरुवात केली. ताण पडल्यावर जेस्टोरनं त्याचा आयपी पत्ता अडवला, त्यानं तो बदलला. मग एमआयटीनं त्याच्या यंत्राचा मॅक पत्ता अडवला. स्वार्ट्झनं त्यातलं अखेरचं अक्षर बदललं, बी होतं त्याचं सी केलं, आणि पुन्हा आला. एका अक्षराचा फरक! पुढं त्यानं लॅपटॉप तळघरातल्या तारांच्या खोलीत नेऊन ठेवला. ६ जानेवारी २०११ रोजी त्याला अटक झाली. तोवर सुमारे ४८ लाख लेख व इतर मजकूर उतरवून झाला होता.

जुलै २०११मध्ये केंद्रीय आरोपपत्र आलं. त्यात ही अक्षराची अदलाबदल साग्रसंगीत नोंदलेली होती, कपटाचा पुरावा म्हणून. सरकारी पत्रकानं ३५ वर्षांपर्यंतच्या कैदेचा आणि दहा लाख डॉलर दंडाचा उल्लेख केला. जेस्टोरनं स्वतः तडजोड केली होती, तिला खटला नको होता. तरी सप्टेंबर २०१२मध्ये आरोपांची संख्या चारावरून तेरावर गेली. ११ जानेवारी २०१३ रोजी, खटला उभा राहण्याआधी, स्वार्ट्झनं न्यूयॉर्कमधल्या घरी आपलं जीवन संपवलं. तो २६ वर्षांचा होता.

या प्रकरणावर पुष्कळ लिहिलं गेलं. एमआयटीनं प्राध्यापक हॅल एबल्सन यांच्या नेतृत्वाखाली चौकशी करून त्याच वर्षी अहवाल दिला. मला इथं एवढंच पाहायचं आहे, की त्या एका अक्षराचं वजन किती. स्वार्ट्झनं गैर केलं का? मला वाटतं, अडवल्यावर तो पुन्हा आला, हे गैर होतं. यजमानानं दार लावलं याचा अर्थ त्याला कळला होता. पण हाच प्रवेश त्याला पत्त्याला हात न लावता, दुसरा लॅपटॉप आणूनही मिळाला असता. किंबहुना ऑक्टोबरमध्ये त्यानं तेही केलं, ‘ग्रेस होस्ट’ या नावानं. दुसरं यंत्र आणणं आणि पहिल्याचा पत्ता बदलणं, या दोन्हींत नैतिकदृष्ट्या तसूभर फरक नाही. दोष नकार डावलण्यात होता. नोंदवहीतून नाव काढावं, आवारात यायला बंदी घालावी, झालेल्या खर्चाची भरपाई मागावी, इतक्या मोलाचा तो दोष होता. कैदेच्या वर्षांची जी भाषा सरकारी वकिलांनी वापरली, तिला त्यात कुठंच आधार सापडत नाही. कॅलिफोर्नियाच्या लोकप्रतिनिधी झोई लोफग्रेन यांनी २०१३मध्ये मांडलेल्या सुधारणेच्या मसुद्यात मॅक किंवा आयपी पत्ता बदलणं हा एवढ्यावरून गुन्हा ठरू नये, अशी तरतूद होती. त्या सुधारणेला ‘एरनचा कायदा’ म्हणत. ती मंजूर झाली नाही.

स्वार्ट्झ गेला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनमध्ये एक वेगळंच प्रकरण उघडकीला आलं. शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात एका खासगी कंपनीनं जाहिरातींचे पडदे असलेल्या कचरापेट्या बसवल्या होत्या. त्यांतल्या बारा पेट्यांत वायफाय टिपणारी उपकरणं होती. फोनचं वायफाय चालू असलं की तो ‘ओळखीचं नेटवर्क आहे का?’ अशी अधूनमधून साद घालत असतो आणि त्या सादेत त्याचा मॅक पत्ता जातो. पेट्या तो टिपून ठेवायच्या. कोण कधी गेलं, किती वेगानं गेलं, काल आलं होतं का, परवा येईल का! कचऱ्याचा डबा आपली हजेरी घेतोय हे ये-जा करणाऱ्या लाखो लोकांच्या गावीही नव्हतं. बातमी फुटल्यावर शहराच्या महामंडळानं हा उद्योग थांबवायला लावला. अमेरिकेतल्या काही बड्या दुकानांतही गिऱ्हाइकांचा असाच माग काढला जात होता.

ही दोन प्रकरणं मी मुद्दाम शेजारी ठेवतो. एकात क्रमांक बदलणारा आरोपी झाला. दुसऱ्यात क्रमांक न बदलणारे लाखो लोक सावज झाले, आणि पेट्यावाल्यांना ‘बंद करा’ यापलीकडं फारसं कुणी काही म्हटलं नाही.

पुढं जे झालं ते इतिहासाच्या दृष्टीनं नाट्यपूर्ण आहे. जून २०१४मध्ये ॲपलनं जाहीर केलं, की आयफोन आता साद घालताना आपला खरा मॅक पत्ता देणारच नाहीत, तात्पुरता बनवून देतील. २०१९च्या अँड्रॉइड १०मध्ये प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा पत्ता हा मूळचा शिरस्ता झाला, २०२०च्या आयओएस १४मध्ये आयफोनवरही. तरुणावरच्या आरोपपत्रात जी कृती कपट म्हणून आली होती, तीच कोट्यवधी फोन मालकाला न विचारता, त्याच्या भल्यासाठी करू लागले. अर्थात हे कवच अभेद्य नाही. अमेरिकी नौदलाच्या अकादमीतल्या संशोधकांनी २०१७मध्ये तपासलेल्या अनेक फोनांत ही अदलाबदल धड होत नव्हती, आणि फोनला चुकवून खरा पत्ता वदवून घेता येत होता. ॲपलला तर ऑक्टोबर २०२३मध्ये, तीन वर्षांनंतर, अशी दुरुस्ती करावी लागली की वरवर खोटा पत्ता दाखवणारा आयफोन त्याच नेटवर्कवरच्या इतर यंत्रांना आतून खरा पत्ता सांगत होता. तीन वर्षं लोक बिनघोर होते!

तर मग काहीही चालतं का? नाही. मला इथं एक भेद फार महत्त्वाचा वाटतो आणि तो समजायला संगणक लागत नाही. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८पासून त्यांनी ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावानं पत्रं लिहिली आणि समाजाला खडे बोल सुनावले. राम गणेश गडकरी ‘गोविंदाग्रज’ झाले, ‘बाळकराम’ही झाले. यांना कुणी तोतया म्हटलं नाही, कारण त्या नावाचा दुसरा माणूस नव्हता. तुम्ही मात्र शेजाऱ्याच्या नावानं संपादकांना पत्र पाठवलंत, तर ती लबाडी आहे. टोपणनाव घेणं वेगळं, दुसऱ्याची सही ठोकणं वेगळं.

मॅक पत्त्यातही हेच. यादृच्छिक पत्ता घेणं म्हणजे टोपणनाव. हॉटेलात किंवा विमानतळावर पैसे भरून वायफाय वापरणाऱ्याचा पत्ता हवेतून टिपायचा आणि आपल्या लॅपटॉपला लावायचा, ही खोटी सही आहे, दुसऱ्याच्या पासावर लोकलचा प्रवास आहे. तंत्र सोपं आहे, म्हणून तर ‘ठरावीक पत्त्यांनाच प्रवेश’ हे कुलूप सुरक्षेच्या दृष्टीनं दिखाऊ मानतात. पण कुलूप तकलादू असलं म्हणून घरफोडी माफ होत नाही. दोघं एकाच पत्त्यानं वावरू लागले की ज्यानं पैसे भरले त्याची जोडणी अडखळू लागते, आणि नोंदवहीत जे काही लिहिलं जातं ते त्याच्याच नावावर. उद्या काही बरंवाईट घडलं, तर विचारपूस त्याची होणार.

हे काल्पनिक वाटू नये म्हणून नवी मुंबईची आठवण देतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादला बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका अमेरिकी गृहस्थाच्या घरी पोहोचले. तिथं प्रश्न आयपी पत्त्याचा होता, मॅकचा नव्हता, पण धडा तोच आहे. घरातलं वायफाय बिनकुलपाचं होतं आणि ते दुसऱ्यांनीच वापरलं होतं, असं तपासात दिसलं. दरम्यान तो माणूस देशभरच्या बातम्यांत झळकून गेला. पत्ता यंत्रापाशी नेऊन सोडतो. तिथून माणसापर्यंत जायला चौकशी लागते. पुढं दूरसंचार विभागानं २००९च्या सुरुवातीला वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी आणि सार्वजनिक जोडणीला वापरणाऱ्याची ओळख घेण्याविषयी सूचना काढल्या. त्याचंच पुढचं रूप म्हणजे स्थानकावरच्या वायफायला मागितला जाणारा ओटीपी. मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६मध्ये ही सोय झाली तेव्हापासून आपण तो भरत आलो आहोत. मोबाइल क्रमांक दिला की मॅक पत्ता कितीही बदला, ओळख दिलेलीच असते. आपल्याकडं फोनच्या त्या सोयीचा उपयोग त्यामुळं कचरापेटीसारख्या चोरट्या हजेरीपुरता उरतो. तोही कमी नाही.

श्रोत्यांपैकी काहींना आयएमईआयची आठवण झाली असेल. तो बदलणं आपल्याकडं गुन्हा आहे, आणि असायलाही हवा असं मला वाटतं. १ डिसेंबर २००९पासून वैध आयएमईआय नसलेले फोन बंद पाडले गेले. २०१७च्या नियमांनी त्यात फेरफार करण्यावर बंदी घातली आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यात अशा फेरफाराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. आयएमईआयवरून चोरीचा फोन शोधता येतो. तो बदलणारा बहुतेकदा चोराचीच सोय करत असतो. मॅक पत्ता चोरीच्या मालाचा माग काढायला बनलेलाच नाही. पण या नव्या कायद्यात ‘दूरसंचार अभिज्ञापक’ या शब्दाची व्याख्या वाचा. उपकरण एकमेव ओळखण्यासाठी वापरलेली अंक-अक्षरांची कुठलीही मालिका तीत बसू शकते. मग फोन दर नव्या नेटवर्कला जो नवा पत्ता घेतो, तो काय म्हणायचा? इतक्या रुंद शब्दांत कुणालाही ओढता येतं, आणि ओढलं जातं ते सहसा मोठ्या फोन कंपनीला नव्हे, वसतिगृहातल्या एखाद्या खटपट्या पोराला.

वसतिगृहावरून आठवलं. महाविद्यालयांचे नेटवर्क सांभाळणारे आता उलट तक्रार करतात. पूर्वी विद्यार्थ्याचा पत्ता एकदा नोंदला की वर्षभर पाहायला नको. आता फोन बदलता पत्ता घेऊन येतो आणि यंत्रणा त्याला अनोळखी समजून दारात उभं करते. घरोघरी पालकांनी मुलांच्या फोनला राउटरवर लावलेली वेळेची बंधनंही अशीच गळून पडतात. या तक्रारी खोट्या नाहीत. त्यांच्यावर आयईईईच्याच वायफाय समितीत वर्षानुवर्षं खल चालला. तिथं निघालेला मार्ग असा, की फोननं पत्ता हवा तेवढा बदलावा, आणि एखाद्या नेटवर्कला ओळख द्यायची असेल तर ती वेगळी, गुप्त खूण देऊन, मालकाची तयारी असेल तरच द्यावी. बहुतेक वसतिगृहांत मात्र सध्या तरी दारावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, ‘प्रायव्हेट ॲड्रेस बंद करून मगच जोडावे.’